नकाशाचा रंग आणि चौथाईचा हक्क : ‘युरोपा युनिव्हर्सालिस’मध्ये अठरावे शतक का मावत नाही?

इ.स. १७५१. जवळजवळ दहा वर्षांच्या स्वाऱ्यांनंतर बंगालचा नवाब अलीवर्दीखान आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्यात तह झाला. नवाबाने दरसाल १२ लाख रुपये चौथाई द्यायची, ओरिसाचा वसूल भोसल्यांच्या फौजेच्या खर्चाला लावून द्यायचा, आणि भोसल्यांनी बंगालवर पुन्हा स्वारी करायची नाही, असे ठरले. ओरिसाचा कारभार मीर हबीबकडे गेला. तो भोसल्यांचा माणूस, परंतु कागदोपत्री नवाबाचा नायब. नवाब स्वतः दिल्लीच्या बादशहाचा सुभेदार. रघूजी हे सातारच्या छत्रपतींचे सेनासाहेबसुभा.

आता प्रश्न असा की, नकाशावर कटकला कोणता रंग द्यायचा?

इतिहासाच्या पुस्तकात या प्रश्नाला बगल देता येते. एखादी तळटीप टाकली, की भागते. परंतु संगणकीय खेळाला बगल देता येत नाही. तिथे प्रत्येक प्रांताच्या नोंदीत ‘मालक’ नावाचा एक रकाना असतो आणि त्यात एकच नाव बसते. हा धागा त्या एका रकान्याविषयी आहे.

स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीची ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ ही मालिका जगभरात लाखो लोक खेळतात. महाराष्ट्रातही तिचे चाहते कमी नाहीत. तिचे मूळ १९९३ च्या, फिलिप तिबो या फ्रेंच रचनाकाराच्या पटावरच्या खेळात आहे. पुठ्ठ्याचा नकाशा, त्यावर सोंगट्या. ज्याची सोंगटी त्याचा मुलूख. सन २००० मध्ये हा पट संगणकावर आला आणि २०१३ मध्ये चौथी आवृत्ती निघाली. ११ नोव्हेंबर १४४४ ते १८२१ असा तिचा पट्टा आहे. वार्नाच्या लढाईत ऑटोमन तुर्कांनी पोलंड-हंगेरीच्या राजाला मारले, त्याच्या दुसऱ्या दिवशी खेळ सुरू होतो. आरंभबिंदूच युरोपातला, नावातच युरोप असल्याने त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. योगायोगाने शहाजीराजांच्या उदयापासून पेशवाईच्या अस्तापर्यंतचा सारा मराठी इतिहास या पट्ट्यात पुरा बसतो. कालगणनेत बसतो, एवढेच. खेळाच्या नियमांत तो बसत नाही.

खेळाच्या कर्त्यांनी हिंदुस्थानकडे दुर्लक्ष केले, असे मात्र म्हणता येणार नाही. आरंभीच्या नियमांत जगाचे तांत्रिक गट पाडलेले होते. पौर्वात्य राज्यांना तंत्रज्ञान महाग पडे आणि त्यावर उपाय म्हणून ‘पाश्चात्यीकरण’ नावाचा एक मार्ग ठेवलेला होता. यावर पुष्कळ टीका झाली. २०१६ मध्ये ती व्यवस्था मोडून छपाई, जागतिक व्यापार, ज्ञानोदय अशा ‘संस्था’ जगभर पसरत जाण्याची कल्पना आली. त्यांपैकी बहुतेकांचा उगम युरोपातच होतो, परंतु निदान जन्मजात मागासलेपणाचा शिक्का पुसला गेला. २०१८ मध्ये ‘धर्म’ नावाचा विस्तारसंच खास हिंदुस्थानसाठी निघाला. त्यात मोगलांना आणि इतर हिंदी सत्तांना नवे नियम मिळाले, परदेशी व्यापारी कंपन्यांना किनाऱ्यावर ठाणे विकत घेता येऊ लागले. मराठी संस्कृतीच्या एखाद्या छोट्या राज्याने पुरेसा मुलूख जिंकला, की ‘मराठा’ राज्याची घोषणा करता येते. नकाशावर नवा रंग येतो आणि खेळाडूला आनंद होतो.

आनंद रास्तच आहे. अडचण पुढे सुरू होते. हे नवे राज्य वाढते ते एकाच रीतीने : लढाई जिंका, तहात प्रांत मागा, त्यावर प्रशासकीय गुण खर्च करून तो ‘आपला’ करा. सोळाव्या शतकातल्या फ्रान्सलाही ही रीत पूर्णपणे लागू पडत नव्हती. अठराव्या शतकातल्या मराठी सत्तेला तर ती फारच थोडी लागू पडते. कारण ही सत्ता पुष्कळ ठिकाणी मुलूख घेत नव्हती. ती वसुलातला वाटा घेत होती.

बाळाजी विश्वनाथ १७१९ मध्ये दिल्लीहून परतले, तेव्हा त्यांच्याजवळ काय होते ते पाहा. स्वराज्याची सनद होती. म्हणजे शिवछत्रपतींच्या मूळ मुलखावरील हक्काला मान्यता. त्याखेरीज दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची आणि सरदेशमुखीची सनद होती. खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर आणि हैदराबाद हे ते सहा सुभे. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे आणखी दहावा. बदल्यात शाहू छत्रपतींनी बादशहाला सालाना १० लाख रुपये पेशकश द्यायची आणि १५,००० फौज त्याच्या चाकरीस ठेवायची. सुभे मोगलांचेच राहिले. सुभेदारही मोगलांचाच. परंतु परगण्याच्या गावी मोगल अंमलदाराच्या कचेरीशेजारी मराठ्यांचा कमाविसदार आपली कचेरी मांडून बसू लागला. गावचा पाटील एकाच पिकाचा हिशेब दोघांना देऊ लागला. दुअंमल हा शब्द मराठीत आला तो या व्यवहारातून.

पुढची वाटणी तर आणखी बारीक आहे. चौथाईची जी रक्कम येई, तिच्यातला चौथा हिस्सा ‘बाबती’ म्हणून छत्रपतींचा. सहा टक्के ‘साहोत्रा’, तो पंत सचिवांकडे. तीन टक्के ‘नाडगौंडा’, तो छत्रपतींनी मर्जीप्रमाणे कोणाला द्यायचा. उरलेले ६६ टक्के ‘मोकासा’ म्हणून सरदारांच्या फौजखर्चाला. शिवाय एका सरदाराचा मोकासा एका सलग पट्ट्यात क्वचितच असे. निरनिराळ्या परगण्यांत तो विखरून ठेवलेला असे. यामागे हेतू होता. कोणीही एका जागी पाय रोवून स्वतंत्र होऊ नये आणि प्रत्येकाचा स्वार्थ दुसऱ्याच्या मुलखात गुंतलेला राहावा. तो हेतू पूर्ण सफल झाला नाही हे शिंदे, होळकर, गायकवाड आणि भोसले यांच्या इतिहासावरून दिसतेच. तरीही शंभर वर्षे ही वीण टिकली.

या साऱ्याला खेळात जागा नाही. खेळात मांडलिक आहे, खंडणी देणारे राज्य आहे. परंतु खंडणी एक राज्य दुसऱ्या राज्याला देते, राजधानीतून राजधानीत. चौथाई परगण्यापरगण्यात वसूल होई. तिच्यासाठी माणूस जागेवर बसे, आणि तो जागेवर बसला म्हणूनच वीस-तीस वर्षांत काही ठिकाणी वाटेकऱ्याचा धनी झाला. माळव्यात नेमके हेच घडले. आधी चौथाई, मग सरदारांची ठाणी. आणि १७४१ मध्ये जेव्हा बादशाही फर्मान निघाले, तेव्हा सुभेदारी एका शहजाद्याच्या नावे आणि नायब सुभेदारी बाळाजी बाजीरावांच्या नावे. इंदूर-उज्जैनीत सत्ता मराठ्यांची, कागद बादशहाचा. चढाईचा हा टप्पा खेळातून गाळला, तर मराठी सत्तेच्या विस्ताराचे यंत्रच गाळले जाते. मग उरते ती केवळ घोडदौड.

म्हणून पहिली सूचना अशी : प्रत्येक प्रांताला ‘मालक’ या एका रकान्याऐवजी हक्कांची एक वही असावी. न्याय कोणाचा, वसुलात कोणाचा किती वाटा, नाणे कोणाच्या नावाचे, किल्ल्यावर शिबंदी कोणाची, हे चार प्रश्न वेगवेगळे विचारले जावेत. चारही उत्तरे एकच असतील, तिथे एक रंग. नसतील, तिथे पट्टे. तहाच्या वेळी खेळाडूला प्रांत मागण्याऐवजी हक्क मागता यावा. हक्क बजावायचा तर कमाविसदार नेमावा लागावा, त्याच्या पाठीशी फौज ठेवावी लागावी. फौज काढून घेतली की वसूल आटावा. आणि अनेक वर्षे बजावलेला हक्क हळूहळू मालकीत रूपांतरित व्हावा किंवा मूळ मालकाने बळ धरून तो झुगारून द्यावा.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. याच कंपनीच्या ‘क्रुसेडर किंग्ज’ या खेळात जहागिरीवर जहागीर, तीवर राजा, त्यावर सम्राट अशी उतरंड आहे. तिथे एकाच भूमीवर अनेकांचे दावे सुखाने नांदतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेल्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस’च्या पाचव्या आवृत्तीने तर वाट आणखी मोकळी केली आहे. ती १३३७ पासून सुरू होते, तिच्यात माणसांची मोजदाद आहे, राजधानीपासून दूर जावे तसे राज्याचे नियंत्रण घटत जाते, आणि परक्या मुलखात आपल्या इमारती बांधता येतात. ज्या नियमाने परक्या शहरात एखादी पेढी किंवा वखार उभी राहते, त्याच नियमाने परक्या परगण्यात कमाविसदाराची कचेरी उभी राहू शकेल. तिला दरवर्षी व्यापारी नफ्याऐवजी वसुलाचा हिस्सा मिळेल, एवढाच फरक करायचा आहे.

दुसरी गोष्ट युद्धाच्या शेवटाची. खेळात प्रत्येक युद्धाला गुण असतात. राजधानी घेतली, किल्ले घेतले, लढाया जिंकल्या की गुण वाढतात आणि शंभरावर युद्ध संपल्यात जमा होते. हरलेला राजा सही करतो. एखादे राज्य नकाशावरून गेलेच, तर पुढे कधीतरी बंडखोर उठून ते पुन्हा उभारू शकतात, ही सोय आहे. आता १६८९ कडे पाहा. मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई आणि बाल शाहू कैदेत गेले. राजाराम महाराज शेकडो कोसांवर, जिंजीला. कोणत्याही खेळात हे शंभर गुण आहेत. औरंगजेबाचाही हिशेब तोच असावा. प्रत्यक्षात युद्ध आणखी १८ वर्षे चालले, ते बादशहा १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारच्या छावणीत मरेपर्यंत. त्या दरम्यान जिंजी १६९८ मध्ये पडली, राजाराम महाराज १७०० मध्ये सिंहगडावर वारले, सातारचा किल्ला त्याच वर्षी गेला. आणि याच काळात मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरू लागल्या होत्या.

हे कसे झाले? राज्य कुठे होते? त्याचे एक उत्तर राजाराम महाराजांच्या सनदांत आहे. जिंजीतून १६९१ मध्ये हणमंतराव घोरपड्यांना ६ लाख होनांचा सरंजाम लिहून दिला गेला. तो टप्प्याटप्प्याने मिळायचा होता : रायगड परत घेतल्यावर काही, विजापूर घेतल्यावर काही, भागानगर, औरंगाबाद, आणि मोठा हिस्सा दिल्ली जिंकल्यावर! ज्याच्याजवळ स्वतःची राजधानी नाही तो राजा शत्रूच्या राजधानीचा वसूल वाटून देत आहे. हसू येईल, परंतु हा कागद सैनिकाला लढायला लावत होता. वेतन द्यायला खजिना नव्हता. होता तो केवळ हक्क देण्याचा अधिकार, आणि तो अधिकार लोक मानत होते. रामचंद्रपंत, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी या पुंजीवर युद्ध चालवले. पुढे या वतनांचा आणि सरंजामांचा गुंता राज्याला महाग पडला, हेही खरेच.

तेव्हा न जिंकलेल्या मुलखाच्या सनदा देण्याची कळ खेळात असावी. आज फौज, उद्या सरदारांचा बोजा. राजधानीला ठिकाण असण्यापेक्षा दरबार असावा, आणि दरबार पालखीतून हलवता यावा. राज्य संपले की नाही हे किल्ल्यांच्या मोजणीने ठरू नये. त्याची सनद लोक अजून घेतात का, यावर ठरावे.

किल्ल्यांविषयीही असेच. खेळात किल्ला म्हणजे एक आकडा : वेढा घाला, फासे पडतील, आज ना उद्या तो पडेल. मराठी किल्ल्यावर हवालदार, सबनीस, कारखानीस अशी माणसे असत, आणि एकाच्या हाती सगळ्या किल्ल्या पडू नयेत म्हणूनच ती तीन असत. १६९९ नंतर औरंगजेबाने घेतलेल्या किल्ल्यांपैकी कित्येक तोफेने पडले नाहीत. पैसे मोजून हाती आले. बादशहाची पाठ फिरली की मराठ्यांनी ते परत घेतले. किल्लेदाराची निष्ठा, पोटातले धान्य आणि बाहेरची किंमत हे तिन्ही खेळात यायला हवे. मग तो वेढा खेळण्यासारखा होईल.

धान्याचा विषय निघालाच, तर पानिपत टाळता येत नाही. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी भाऊसाहेबांची फौज मैदानात उतरली ती उपासमारीने घायकुतीस येऊन. रसद तुटली होती, छावणीत लढवय्यांहून बुणगे फार होते. खेळात मोठ्या फौजेची दरमहा गळती होते, हे ठीक आहे. परंतु ती प्रांताच्या कुवतीवर मोजली जाते. हिंदुस्थानात फौजेचे पोट प्रांतावर नव्हते, ते बंजाऱ्यांच्या तांड्यांवर होते. हजारो बैलांवर धान्य लादून चालणारे हे लोक कोणत्याच राज्याचे नव्हते. जो दाम देईल आणि वाट सुरक्षित ठेवील, त्याच्या छावणीत ते धान्य उतरवत. १८०३ मध्ये वेलस्लीलाही त्यांची मनधरणी करावी लागली. पाचव्या आवृत्तीत भूभागाविना, सैन्याच्या रूपाने वावरणारी राज्ये आहेत. मग भूभागाविना वावरणारे तांडे का नसावेत? पालखेडच्या मोहिमेत १७२८ साली बाजीरावांनी निजामाला मोठी लढाई न देता कोंडले, ते त्याच्या जड तोफखान्याचे आणि दाणा-पाण्याचे गणित बिघडवून. खेळात आज पालखेड घडूच शकत नाही. लढाई न होता जय मिळण्याची त्यात तरतूद नाही.

कर्जाबद्दल थोडक्यात. खेळात कळ दाबली की कर्ज मिळते. देणारा कोण, हे कोणी विचारत नाही. बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याचे जे रडगाणे आहे ते वाचले, तर देणारा कोण हाच मुख्य प्रश्न होता हे कळते. पेशवाईत कमाविसदार नेमणुकीच्या वेळीच पुढच्या वसुलापोटी सरकारला आगाऊ रक्कम भरत असे. तिलाही ‘रसद’च म्हणत. तो ती सावकाराकडून उचलून आणी. म्हणजे सावकाराचे व्याज शेवटी कुणब्याच्या खळ्यातून निघे. खेळात या साखळीचा एकही दुवा नाही.

व्यापाराचा नियम मात्र चौथ्या आवृत्तीतला सर्वांत विपरीत नियम म्हणावा लागेल. तिथे व्यापाराचे प्रवाह ठरलेल्या दिशेनेच वाहतात आणि शेवटी इंग्लिश खाडी, जिनोव्हा व व्हेनिस या तीन कुंडांत जाऊन पडतात. हिंदुस्थानात कोणीही कितीही पराक्रम केला, तरी प्रवाह उलटत नाही. प्रत्यक्षात या तीन शतकांत युरोपची रड नेमकी उलटी होती. अमेरिकेच्या खाणींतली चांदी कापड, मिरी आणि नीळ यांच्या मोबदल्यात पूर्वेकडे जात होती आणि सुरतेच्या टांकसाळीत रुपये होऊन बाहेर पडत होती. चौथाई रोख घेता येई ती या चांदीमुळे.

आता त्या रंगाकडे परत येऊ. हा वाद केवळ खेळाडूंचा असता, तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु समाजमाध्यमांवर फिरणारे ‘मराठा साम्राज्य, १७६०’ छापाचे नकाशे आणि त्याखालची भांडणे पाहिली, की दिसते, दोन्ही बाजूंच्या डोक्यात खेळाचाच नकाशा आहे. अटकेपर्यंत भगवा रंग भरणाऱ्याला १७५८ ची स्वारी म्हणजे कायमची मालकी वाटते. तो रंग खोडणाऱ्याला तिथे काहीच नव्हते असे वाटते. बंगालचे तर दोघेही नाव घेत नाहीत. चौथाई न देणाऱ्या परगण्यात जे घडले, १७४२ पासून दहा वर्षे राढच्या खेड्यांनी जे सोसले, त्याच्या आठवणी तिथल्या अंगाईत शिल्लक आहेत. हक्कांची वही उघडली, तर अभिमानाच्या जागाही दिसतील आणि त्या खेड्यांचा हिशेबही दिसेल. खेळात ‘उद्ध्वस्तता’ नावाचा आकडा आहे. तो काळानुसार आपोआप उतरतो. तो वसुलाला, आणि वसूल मागणाऱ्या प्रत्येक वाटेकऱ्याला जोडला, तर चौथाईची खरी किंमत खेळाडूच्या नजरेसमोर राहील : आज लुटले, तर उद्या चौथा हिस्सा घ्यायला उरेल काय?

ही वही इंग्रजांनाही समजून घ्यावी लागली होती. १७५९ मध्ये सुरतेच्या किल्ल्यात ते शिरले ते बादशहाचे किल्लेदार म्हणून. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी घेतली ती बादशहाचे दिवाण म्हणून. शाह आलमच्या नावाचा रुपया कंपनी १८३५ पर्यंत पाडत होती. डिसेंबर १७८४ मध्ये त्याच शाह आलमने वकील-ए-मुतलक हे पद पेशव्यांना दिले आणि महादजी शिंद्यांना त्यांचे नायब केले. म्हणजे दिल्लीचा कारभार महादजींच्या हाती, महादजी पेशव्यांचे नायब, पेशवे बादशहाचे वकील, आणि त्याच पेशव्यांना पेशवाईची वस्त्रे सातारहून येत. या चौघांत मांडलिक कोण, हे ठरवण्याची कळ आजच्या खेळात नाही.

शेवटची सूचना खेळाच्या अखेरच्या पडद्याविषयी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, की चौथ्या आवृत्तीच्या नियमाने मराठ्यांचा रंग पुसला जायला हवा. परंतु त्याच वर्षी इंग्रजांनी प्रतापसिंह छत्रपतींना सातारच्या गादीवर पुन्हा बसवले. एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, तेव्हा त्याच्यापुढे वतने, सरंजाम आणि इनामे यांचा ढीग होता. त्यांतले पुष्कळ हक्क इंग्रजांना तसेच चालू ठेवावे लागले. ज्यांच्या नावाने शंभर वर्षे राज्य चालले, ती गादी तिच्या प्रधानांनंतर ३० वर्षे टिकली आणि १८४८ मध्ये खालसा झाली. खेळ १८२१ ला थांबतो. त्या दिवशीच्या नकाशावर सातारच्या प्रांताला इंग्रजांचा रंग द्यायचा की छत्रपतींचा, यावर पहिल्या रकान्यात आजही एकच नाव लिहिता येते.